गुड्डीचे टोरांटोहून पत्र

परदेशी राहणाऱ्या मुलाला फोनवर "कसा आहेस?" म्हणून विचारले की उत्तर ठरलेले असते, "सब खैरियत!" माझ्या मोठ्या आपाला आपल्या मुलाकडून दोन वर्षे हेच उत्तर मिळत होते. तो कॅनडात, टोरांटोला नोकरी करतो. त्याच्या रोजच्या जगण्याची हकीकत आम्हाला कळली ती एका कापडी बाहुलीकडून.

कॅनडाच्याच ऑन्टॅरिओ प्रांतात लंडन नावाचे एक शहर आहे. तिथल्या डेल ह्युबर्ट या शिक्षकाने १९९५ मध्ये एक उपक्रम सुरू केला. जेफ ब्राऊन यांच्या गोष्टीतला 'फ्लॅट स्टॅन्ली' हा चपटा मुलगा कागदाचा कापायचा, टपालाने दूर कुणाकडे तरी पाठवायचा आणि त्याने तिथे काय पाहिले ते पत्राने मागवायचे. अनेक देशांतल्या शाळांनी तो उचलला. सातवीला पत्रलेखन शिकवताना मलाही तो आठवला.

आमच्या तेल्हाऱ्याच्या मुलींनी कागदाऐवजी जुन्या ओढणीची गुड्डी शिवली. आत भरला तो वऱ्हाडातलाच, पिंजाऱ्याने पिंजून दिलेला कापूस. सुट्टीवर आलेला भाचा परत निघाला तेव्हा गुड्डी त्याच्या बॅगेत बसली. अट एकच होती : पत्र गुड्डीने लिहायचे आणि मराठीत लिहायचे, कारण माझ्या मुली उर्दू माध्यमाच्या, मराठीचा सराव त्यांना हवा.

जानेवारीत पत्र आले.

"अस्सलामु अलैकुम, मुलींनो! तुम्ही दहा अंशांवर शेकोटी पेटवता. इथे आज उणे बारा आहे. रस्त्यावर बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात, त्याने भाईजानच्या बुटांवर पांढरे डाग पडतात. डिसेंबरात मगरिब पावणेपाचच्या आतच होत होती. आम्ही तळघरात राहतो. खिडकी जमिनीलगत आहे. जास्त बर्फ पडला की ती झाकून जाते, मग उजाडलेले कळत नाही. भाईजान रात्री उशिरा येतो, उभ्यानेच जेवतो आणि मला विचारतो, 'आज तेल्हाऱ्यात काय शिजलं असेल?' माझ्या पोटात कापूस आहे म्हणून मला थंडी वाजत नाही."

मुली शेवटच्या वाक्याला खूप हसल्या. संध्याकाळी मी पत्र आपाला वाचून दाखवले. ती हसली नाही. बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "उजाडलेलं कळत नाही, मग माझं लेकरू फजरला उठतं कसं?"

दोन वर्षांत तिने पैसे, नोकरी, लग्न याविषयी शंभर प्रश्न विचारले असतील; हा प्रश्न तिला पहिल्यांदाच सुचला. भाच्यालाही जे आईला सांगताना संकोच वाटत होता, ते बाहुलीच्या तोंडून सहज लिहिता आले. आईला काळजी नको म्हणून मुले खैरियत सांगतात, मुलाला त्रास नको म्हणून आईही तेच सांगते. अशाने दोघांच्या बोलण्यातून खरा दिवसच नाहीसा होतो.

हिवाळ्यात टोरांटोचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. आता आपा असरची नमाज आटोपून पावणेपाचला फोन लावते. तिकडे तेव्हा पहाटेचे सव्वासहा झालेले असतात. "उठ रे, उजाडतंय," एवढेच म्हणते.

मुलींनी गुड्डीला उत्तर लिहायला घेतले आहे. आज काय शिजले, हे प्रत्येकीने पहिल्या ओळीतच लिहिले आहे. मी ती ओळ तशीच राहू दिली.