फेरफार

माझे वडील तलाठी होते. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. घराच्या पडवीत त्यांचा लाकडी पेटारा असायचा आणि सुट्टीच्या दिवशी लोक तिथेच येऊन बसायचे. त्यामुळे अक्षरओळख झाल्यापासून दोन शब्द माझ्या कानावर पडत राहिले, सातबारा आणि फेरफार. सातबाऱ्यावर आज जमीन कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. ते नाव तिथे कसं आलं, आधीचं कधी कमी झालं, याची नोंद गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत असते. सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात एक आकडा लिहिलेला असायचा. तो फेरफाराचा क्रमांक. "भांडण सातबाऱ्यावरून होतं, आणि सुटतं ते फेरफारावरून," असं आण्णा म्हणायचे.

मी संगणक दुरुस्तीच्या कामात पडलो. साताऱ्यात आणि आसपासच्या गावांत छोट्या कार्यालयांचे संगणक सांभाळणं हा माझा व्यवसाय. आण्णांच्या त्या वाक्याचा अर्थ मला पुरता कळला तो या कामात, एका फाइलीच्या भांडणात.

माझ्या ग्राहकांत एक निवृत्त शिक्षक आहेत. माण आणि खटाव तालुक्यांतल्या बायकांकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या ते अनेक वर्षं गोळा करताहेत. एका खोलीत त्यांचं काम चालतं. एक संगणक, आणि टंकनाला एक ताई. सर छापील कागदावर लाल शाईनं दुरुस्त्या करतात, ताई त्या संगणकावर उतरवतात. एकच ओवी तीन गावांत तीन तऱ्हांनी म्हटली जाते, त्यामुळे एकेका शब्दावर दोघांचा तास तास जातो.

एका बुधवारी संध्याकाळी सरांचा फोन आला. आवाज चढलेला होता. तीन प्रकरणांतल्या तीन आठवड्यांच्या दुरुस्त्या नाहीशा झाल्या होत्या. मंगळवारी सकाळी ताईंनी फाइली उघडल्या तर आत जुना मजकूर. त्यांनी दिवसभर बसून सातव्या प्रकरणाची काही पानं पुन्हा दुरुस्त केली. बुधवारी सकाळी तीही गेलेली. सरांनी फाइलींवरची तारीख पाहिली, तर शेवटचा बदल तीन आठवड्यांपूर्वीचा. "तारीखच सांगतेय की मधे कोणी फाइलीला हात लावलेला नाही. बाईंनी सेव्हच केलं नाही," सर म्हणाले. मागून ताईंचा आवाज ऐकू आला, "मी केलं होतं हो सर."

गुरुवारी सकाळी मी गेलो. पूर्वीच्या आवृत्त्या ठेवायची विंडोजची सोय त्या संगणकावर बंद होती. तारखेवर सगळ्यांचा विश्वास बसला होता, पण फाइलीची तारीख हा सातबारा आहे. आजची स्थिती तेवढी त्यात दिसते. मला फेरफार हवा होता.

विंडोजची एनटीएफएस ही फाइल व्यवस्था असा फेरफार ठेवते. विंडोज २००० पासून ही सोय आली. तिला चेंज जर्नल किंवा यूएसएन जर्नल म्हणतात. डिस्कवर फाइल तयार झाली, तिच्यात मजकूर भरला, छाटला, तिचं नाव बदललं, ती पुसली, की एक ओळ या वहीत पडते. ओळीत फाइलीचा क्रमांक असतो, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचा क्रमांक असतो, फाइलीचं नाव, वेळ आणि बदलाचं कारण असतं. फाइल उघडल्यापासून मिटेपर्यंत दहा वेळा मजकूर बदलला तरी दहा ओळी पडत नाहीत. नव्या प्रकारचा बदल झाला तरच नवी ओळ पडते, आणि फाइल मिटताना सगळी कारणं एकत्र लिहून शेवटची ओळ येते. प्रत्येक ओळीला चढत्या क्रमानं जाणारा एक आकडा असतो, तोच यूएसएन. हा आकडा म्हणजे ती ओळ वहीच्या सुरुवातीपासून किती बाइट अंतरावर आहे ते अंतर. आणि प्रत्येक फाइलीच्या मुख्य नोंदीत तिच्या शेवटच्या बदलाचा यूएसएन लिहिलेला असतो. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला सातबाऱ्यावरचा वर्तुळातला आकडा आठवला होता.

ही वही चोर पकडण्यासाठी केलेली नाही. बॅकअप घेणारे आणि शोधसूची बनवणारे प्रोग्राम तिच्यावर चालतात. लाखो फाइली रोज एकेक करून तपासण्याऐवजी असा प्रोग्राम विचारतो, अमुक आकड्यापर्यंत मी वाचलं होतं, त्यानंतर काय बदललं? तेवढंच उत्तर त्याला मिळतं. एनटीएफएसचं आणखी एक जर्नल आहे, ते वीज गेल्यावर डिस्कची रचना सावरण्याच्या कामाचं. ते वेगळं आणि हे वेगळं.

वहीला मर्यादा असते. त्या संगणकावर ती ३२ एमबीची होती. एक ओळ साधारण शंभर बाइटची धरली तर तीनेक लाख ओळी. ऐकायला पुष्कळ वाटतं, पण विंडोज स्वतःच्याच घडामोडींनी ती भराभर भरतं. मर्यादा ओलांडली की सुरुवातीची पानं काढून टाकली जातात. पुढच्या पानांचे आकडे मात्र बदलत नाहीत, ते वाढतच जातात. फेरफार नोंदवही पिढ्यान्‌पिढ्या टिकते, ही वही दिवसांत मोजायची. म्हणून मी मनात धास्ती घेऊन गेलो होतो. 'एफएसयुटिल' या आज्ञेनं वहीची स्थिती पाहिली आणि जीव भांड्यात पडला. सर्वांत जुनी ओळ आठ दिवसांपूर्वीची होती.

ओळी वाचायला मी एक छोटा प्रोग्राम लिहून ठेवलेला आहे. तो चालवला आणि सातव्या प्रकरणाच्या नावानं चाळणी लावली.

पहिल्यांदा दिसल्या त्या ताईंच्या खुणा. वर्ड फाइल सेव्ह करतं तेव्हा जुन्या फाइलीवर थेट लिहीत नाही. नवा मजकूर एका तात्पुरत्या फाइलीत लिहितं. मग मूळ फाइलीचं नाव बदलून तिला 'डब्ल्यूआरएल'सारखं नाव देतं, नव्या फाइलीला मूळ नाव देतं आणि जुनी पुसून टाकतं. वहीत नावबदलाच्या दोन ओळी पडतात, एक जुन्या नावाची आणि एक नव्या नावाची. आण्णांच्या भाषेत, एक नाव कमी झालं आणि एक नाव लागलं. गेल्या बुधवारपासून सोमवारपर्यंत कामाच्या प्रत्येक दिवशी ही साखळी पुन्हा पुन्हा येत होती. सोमवारी एकट्या सातव्या प्रकरणात २३ वेळा, मंगळवारी १४ वेळा. ताईंनी सेव्ह केलं होतं. दर काही मिनिटांनी केलं होतं.

मग मंगळवारच्या साखळीनंतर एक वेगळीच ओळ दिसली. तात्पुरती फाइल नाही, नावबदल नाही. आतला मजकूर छाटला, दुसरा भरला, तारखेसारखी वरची माहिती बदलली, फाइल मिटली. ही वर्डची रीत नव्हती. कोणीतरी बाहेरून दुसरी प्रत आणून वर टाकली होती आणि त्या प्रतीची जुनी तारीखही सोबत आली होती. सोमवारच्या शेवटीही तशीच ओळ होती. चौथ्या आणि नवव्या प्रकरणांवरही सोमवारी तेच घडलं होतं. वेळ दोन्ही दिवशी एकच, १६ वाजून काही सेकंद.

मी वळून विचारलं, "ताई, दुपारी चार वाजता तुम्ही काय करत असता?"

त्या म्हणाल्या, "चारला सर घरी जातात. सहापर्यंत मी एकटीच असते." एवढं बोलून त्या गप्प झाल्या. प्रश्नाचा रोख त्यांना कळला होता. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

तो क्षण मला अजून टोचतो. मी तोंडातून प्रश्न आधी काढला आणि विचार नंतर केला. या वहीत वेळ साध्या घड्याळाची नसते. १ जानेवारी १६०१ पासून सेकंदाच्या एक कोटीव्या भागांची मोजणी असते, आणि ती जागतिक प्रमाणवेळेनुसार. माझा प्रोग्राम ती तशीच दाखवत होता. भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवायला हवे होते. शिवाय माझ्या डोळ्यांसमोरच होतं की ताईंच्या सेव्हच्या ओळी त्या आकड्याच्या आधी संपत होत्या. म्हणजे १६ वाजता त्यांचं दिवसाचं सगळं काम झालेलं होतं. मी साडेपाच मिळवले. रात्रीचे साडेनऊ.

रात्री साडेनऊला त्या खोलीला कुलूप असतं. संगणक तेवढा चालू असतो, आणि तो रात्री चालू ठेवा असं मीच सांगितलं होतं. सोमवारी दुपारी मी तिथे येऊन गेलो होतो. बॅकअपच्या डिस्कची केबल तीन आठवडे तुटलेली होती. मी नवी केबल लावली आणि रोज रात्री साडेनऊला बॅकअप व्हावा म्हणून वेळापत्रक लावलं. दोन छोट्या बॅच फाइली लिहिल्या. एक संगणकावरून डिस्कवर प्रत घेणारी, दुसरी गरज पडली तर डिस्कवरून संगणकावर परत ठेवणारी. वेळापत्रकात मी दुसरी जोडली होती. तीन आठवड्यांची शिळी प्रत रोज रात्री ताईंच्या कामावर येऊन बसत होती.

मी दोघांना तसंच्या तसं सांगितलं. ताईंची काही चूक नाही, चूक माझी आहे, आणि दुपारचे चार हे मी चुकीचं वाचलं. सर काही वेळ बोलले नाहीत. ताई उठून पाण्याचा तांब्या भरून आल्या आणि पहिला पेला त्यांनी मला दिला.

आता प्रश्न मजकुराचा होता. चेंज जर्नलमध्ये मजकूर नसतो. फाइलीत बदल झाला एवढं ते सांगतं, कोणता शब्द जाऊन कोणता आला हे सांगत नाही. बदल कोणी केला हेही सांगत नाही. आवक-जावक वहीत पत्राचा क्रमांक सापडतो, पत्र सापडत नाही, तसंच. पण क्रमांकाच्या आधारानं पत्र शोधता येतं. वर्डनं पुसलेल्या त्या 'डब्ल्यूआरएल' फाइलींचे क्रमांक माझ्यासमोर होते. या क्रमांकाचे दोन भाग असतात, मुख्य सूचीतली जागा आणि ती जागा कितव्यांदा वापरली गेली ते. जागा पुन्हा वापरली गेली की दुसरा भाग वाढतो. म्हणजे त्या गटावर नवा खातेदार आला की जुना तिथे मिळत नाही, हे लगेच समजतं.

सोमवारच्या शेवटच्या काही सेव्हमधले क्रमांक घेऊन मी संगणक बंद केला, डिस्क काढून माझ्या यंत्राला जोडली आणि शोधायला बसलो. एसएसडी असती तर पुसलेलं बहुधा मिळालंच नसतं. ही जुनी फिरती डिस्क होती. चौथ्या आणि नवव्या प्रकरणांच्या जागांवर नव्या फाइली आल्या होत्या. सातव्याची एक जागा तशीच होती. ती फाइल उघडली. सोमवारच्या शेवटून दुसऱ्या सेव्हपर्यंतचं सगळं काम त्यात होतं. बाकीची दोन प्रकरणं ताईंनी लाल शाईच्या कागदांवरून पुन्हा उतरवली. दोन आठवडे गेले. त्या दिवसांचे पैसे मी दिले.

२०१७ मध्ये नोटपेट्या नावाचा विध्वंसक प्रोग्राम जगभर पसरला होता. संगणकांची नासधूस करताना तो विंडोजच्या नोंदींबरोबर हे चेंज जर्नलही पुसून टाकत असे. ती बातमी वाचताना मला ती तांत्रिक बाब वाटली होती. त्या गुरुवारनंतर तिच्यातलं क्रौर्य कळलं. ही वही पुसली गेली असती तर ताईंच्या बाजूनं बोलणारं त्या खोलीत काहीच उरलं नसतं. मीसुद्धा तारीख पाहून मान हलवली असती.

आता माझ्या सगळ्या ग्राहकांकडे मी वहीची मर्यादा वाढवून ठेवतो. बॅकअप लावला की एक रिकामी फाइल बनवून ती कोणत्या दिशेनं जाते ते उभं राहून पाहतो. आणि नोंदीतल्या वेळेकडे पाहून माणसाला प्रश्न विचारण्याआधी ती वेळ कोणत्या घड्याळाची आहे ते बघतो.

निघताना ताईंनी विचारलं होतं, "दादा, ती यादी छापून मिळेल का?" मी सोमवार-मंगळवारच्या सातव्या प्रकरणाच्या सेव्हच्या ओळी छापून दिल्या. सरांनी कागद हातात घेतला, पेन्सिलीनं एकेक ओळ मोजली. ३७ भरल्या. मग लाल शाईचं पेन उचलून त्यांनी खाली लिहिलं, "नोंद बरोबर आहे," आणि सही केली.

रात्री घरी हे आण्णांना सांगितलं. मंडळ अधिकाऱ्याची सही झाल्याशिवाय फेरफार प्रमाणित होत नाही, हे त्यांनीच मला लहानपणी शिकवलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तू सही केलीस का?"

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो, त्या कागदावर सरांच्या सहीखाली चूक कोणाची ते लिहिलं आणि माझी सही केली. तो कागद ताईंच्या खणात आहे.