पिशव्यांजवळ कोण?

दोस्तांनो, सतरा माणसांना घेऊन कधी फिरायला गेलायत? मग आधी मोजायला शिका! 1996 च्या मे महिन्यात आमची वरात ट्रॉम्बेहून एस्सेल वर्ल्डला निघाली. ट्रॉम्बे मुंबईच्या पूर्वेला, ठाण्याच्या खाडीकाठी, आणि गोराई पार वायव्येच्या टोकाला. बसने मानखुर्द, हार्बरने कुर्ला, तिथून दादर, मग बोरिवली, पुन्हा बस आणि शेवटी खाडी ओलांडायला लाँच. प्रत्येक ठिकाणी मोठे काका डोकी मोजत. दादरला अठरा भरली. कुणाचा तरी मुलगा आमच्यात उभा होता!

पुरी-भाजीचा फडशा लाँचच्या धक्क्यावरच पाडला. आत शिरल्यावर पोरं सुटली सैरावैरा. मोठी काकू मात्र एका बाकावर बसली, शेजारी पाच पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि सगळ्यांच्या चपला. तिला कुणी “बस” म्हटलं नव्हतं. कुणी “ऊठ”ही म्हटलं नाही. लग्न असो, जत्रा असो, आमच्याकडे हे ठरल्यासारखंच होतं. तुमच्याकडे कोण बसतं हो?

दुपारी आजी बाकाजवळ आली आणि सगळ्यांसमोर काकांना म्हणाली, “हिचं तिकीट काय पिशव्यांसाठी काढलंस?”

काका गप्प. आजीने पिशव्या पुढ्यात ओढल्या. “जा गं तू. मी आहे.”

काकू आधी नको नको म्हणाली. मग पदर कमरेला घट्ट खोचला आणि थेट रोलर कोस्टरच्या रांगेत! मी घाबरून तिला विचारलं, “काकू, इंजिन बंद पडलं तर?”

“अरे, इंजिन फक्त चढवायला आहे,” ती म्हणाली. “वर पोचेपर्यंत साखळीचा कटकट आवाज येतो. मग थांबतो. पुढे गाडी आपली आपण घरंगळते. म्हणून तर पुढची एकही टेकडी पहिलीपेक्षा उंच नाही. सकाळपासून तेच बघतेय ना मी!”

दादा अकरावी सायन्सला होता. तो डोळे विस्फारून म्हणाला, “ही तर स्थितिज ऊर्जेची गतिज ऊर्जा!” उंचीमुळे साठलेली ऊर्जा उतारावर वेगात बदलते, त्यातली थोडी घर्षणात खर्च होते, म्हणून गाडी पुन्हा तेवढ्या उंचीवर चढत नाही. पुस्तकात दादाने हे दहादा पाठ केलं होतं. काकूने बाकावर बसून शोधलं.

गाडी सुटली. दादा किंचाळला, मी डोळे मिटले. काकू हसत होती, खदाखदा. तिला तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुढे वॉटर किंग्डम आलं 1998 मध्ये, खोपोलीजवळचं इमॅजिका 2013 मध्ये, आणि एस्सेल वर्ल्ड 2022 साली बंद झालं. पण त्या दिवशी शेवटची लाँच गाठायची घाई होती आणि काकांची मोजणी सोळावरच अडकली. काकू पुन्हा रांगेत उभी होती. तिसऱ्यांदा.