लातूरची थंडी आणि माझा दम
पुण्यात रोज 5 किलोमीटर पळणारा मी. डिसेंबरात घरी लातूरला आलो आणि क्रीडा संकुलाच्या तिसऱ्याच फेरीला गार झालो! छातीत शिट्टी, घशात काटे. थांबलो तर खोकल्याची उबळ आणखीच वाढली. आईनं निकाल दिला, ''लहानपणचा दमा परत आला. बास झालं पळणं!''

बास? मॅरेथॉनचे पैसे भरून बसलोय, बॉस!

डॉक्टरांकडे गेलो. खरी गोम नुसत्या थंडीत नाही, कोरडेपणात आहे म्हणे. नाकातून जाताना हवा उबदार, ओलसर होते. पळताना आपण तोंडानं भसाभसा श्वास घेतो, ती सोय हुकते. श्वासनलिका आतून सुकतात आणि आवळतात. त्रास जास्त होतो तो थांबल्यावर, 5-10 मिनिटांनी. तरीच! 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं आमचं लातूर. हवेला तरी ओल कुठली?

पुढच्या आठवड्यात मामाकडे नांदेडला गेलो. पहाटे गोदावरीकाठी, गोवर्धन घाटाकडे. डॉक्टरांनी लिहून दिलेला पंप 15 मिनिटं आधी घेतला. मग भरभर चालणं, मध्येच थोडं पळणं, पुन्हा चालणं. नाकातोंडावर मामाचा मफलर (दरोडेखोर दिसतो, दिसू दे). शेकोटी दिसली की रस्ता बदलायचा, कारण धूर सगळ्यावर पाणी फिरवतो.

4 किलोमीटर झाले. थांबलो. 10 मिनिटं घड्याळाकडे बघत, छातीकडे कान देऊन उभा.

मग आईला फोन लावला.

''दम लागलाय का रे?''

''लागलाय. पण साधाच.''