चार्ट

मटक्याचा चार्ट दिसायला अगदी किरकोळ. हलका कागद, फिकी शाई, मधोमध दोन पिना. आत एकही वाक्य नाही. डाव्या कडेला तारखा, मग सोमवार ते शनिवार असे सहा रकाने, आणि प्रत्येक चौकटीत आठ अंक. मध्ये ठळक जोडी. तिच्या डाव्या अंगाला तीन बारीक अंक एकाखाली एक, उजव्या अंगाला तसेच तीन. बाजार बंद असेल त्या दिवशी चौकटीत दोन फुल्या. काही जोड्या तांबड्या शाईत. पानामागून पान, वर्षामागून वर्ष हेच.

वाचायची रीत सोपी आहे. डावीकडे १-४-८ असेल तर बेरीज १३, त्यातला शेवटचा ३ हा ओपन. उजवीकडे २-५-९ असेल तर बेरीज १६, त्यातला ६ हा क्लोज. मध्ये जोडी ३६. चौकट संपली, दिवस संपला. चार्ट साक्षीदाराच्या जातीचा आहे. जे घडलं तेवढंच सांगतो, त्यात स्वतःचं काही घालत नाही. त्याच्याजवळ फक्त काल असतो, आणि त्याच्यापुढे पेन घेऊन बसणारा प्रत्येक माणूस त्याला उद्याचं विचारत असतो.

त्याचं घराणं कापसाचं. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातला सुरुवातीचा आणि बंद होतानाचा भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईत यायचा आणि त्या भावावर इथे पैसे लागायचे. ओपन आणि क्लोज तिथलेच. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून येणारे ते भाव थांबले, पण आकड्यावर पैसे लावायची सवय लागलेली माणसं मुंबईतच होती. १९६२ मध्ये मूळचे कच्छचे, वरळीत किराणा दुकान चालवणारे कल्याणजी भगत यांनी वरळी मटका सुरू केला. १९६४ मध्ये रतन खत्रींनी नियमांत थोडा फरक करून न्यू वरळी मटका काढला. आधी मडक्यात शून्य ते नऊच्या चिठ्ठ्या टाकून एक काढत. पुढे मडकं गेलं आणि पत्ते आले. राजा, राणी, गुलाम बाजूला काढायचे, दश्शीला शून्य धरायचं, उरलेल्या ४० पानांतून तीन पानं ओढायची. ओपन रात्री नऊच्या सुमारास, क्लोज मध्यरात्री. लालबाग, परळ, वरळीच्या गिरणगावात तीन पाळ्यांत जागणाऱ्या माणसांना ती वेळ अगदी सोयीची होती. रोज निकाल, म्हणजे रोज एक नोंद. नोंदी साठत गेल्या आणि त्यांचा चार्ट झाला.

मीरा रोडच्या पूनम सागरमध्ये आमच्या शेजारच्या इमारतीत एक काका राहतात. पूर्वी गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि काकांच्या पाळ्या कायमच्या संपल्या. लालबागची खोली विकून मीरा रोडला येणारी जी असंख्य कुटुंबं होती, त्यांतलं त्यांचं एक. सामानाबरोबर चार्टही आले. अजून ते प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर्षवार लावलेले आहेत. आकडा लावणं काकांनी कधीच बंद केलंय. वाचणं बंद केलेलं नाही.

त्यांच्या चार्टवर रेघा आहेत. आडव्या, उभ्या, तिरप्या, निळ्या शाईत आणि पेन्सिलीनं. मागच्या मंगळवारची जोडी या शुक्रवारी उलटून आली की एक रेघ. आकड्याचा कट आला की दुसरी; कट म्हणजे पाचाच्या फरकाचा जोडीदार, एकाचा सहा, दोनाचा सात, तिनाचा आठ. या रेघांकडे पाहून मला पहिल्यांदा जाणवलं ते हे, की चार्टनं आळशी माणसाला धरलेलं नाही. आळशी माणूस स्वप्नात काय दिसलं त्यावरून आकडा लावतो आणि मोकळा होतो. चार्ट धरतो अभ्यासू माणसाला. सातवीत शाळा सुटलेल्या, डोकं तल्लख असलेल्या, पण त्या डोक्याला गिरणीत कुणी काम न दिलेल्या माणसाला. त्याला हा एक विषय देतो, ज्यात तो जाणकार ठरतो, चाळीत लोक त्याला विचारायला येतात. हे मला फार लागतं. कारण ती बुद्धी खरी होती, ती मेहनत खरी होती, आणि तिच्या वाट्याला अशी वही आली जिच्यात शिकण्यासारखं काहीच नाही.

काहीच नाही हे इतक्या ठामपणे म्हणायचं तर हिशेब द्यायला हवा.

तांबड्या जोड्या घ्या. दोन्ही अंक सारखे, म्हणजे ००, ११, २२ ते ९९, अशा दहा. आणि पाचाच्या फरकाच्या ०५, ५०, १६, ६१, २७, ७२, ३८, ८३, ४९, ९४ अशा दहा. शंभरातल्या वीस. चार्ट वाचणारे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत की आठवड्यात एक तरी तांबडी येतेच. आणि चार्ट उघडून पाहिलं तर खरंच बहुतेक ओळींत तांबडं दिसतं! वीस टक्क्यांची गोष्ट सहा दिवसांत एकदाही न घडण्याची शक्यता साधारण २६ टक्के. म्हणजे चारांतल्या तीन आठवड्यांत तांबडी येणारच, त्यासाठी कुणी काही करायला नको. चारांत तीनदा खरं ठरणारा नियम माणूस आयुष्यभर सोडत नाही, आणि चौथ्या आठवड्याला काहीतरी कारण सापडतंच.

पण नियम खरा ठरणं वेगळं आणि पैसे मिळणं वेगळं. चालत आलेला भाव असा की दहा रुपयांच्या आकड्याला नव्वद, दहाच्या जोडीला नऊशे. वीसही तांबड्या जोड्यांवर रोज दहा-दहा लावले तर दिवसाचे २०० आणि आठवड्याचे १,२०० रुपये जातात. आठवड्याला सरासरी १.२ वेळा जोडी लागते, तिचे १,०८० परत येतात. १२० गेले. शंभराला दहा. निळी रेघ मारा, पेन्सिलीची मारा, कुठल्याही वाटेनं गेलात तरी शंभराला दहाच.

दुसरा मोह याहून मोठा: बरेच दिवस न आलेला आकडा. एखादा आकडा ओपनला सलग २२ दिवस न येण्याची शक्यता दहात एक, किंचित कमीच. आकडे दहा आहेत. म्हणजे कधीही चार्ट उघडा, मागचे २२ दिवस पाहा, सरासरीनं जवळजवळ एक आकडा न आलेला निघतो. चार्टच्या घरात असा एखादा रुसलेला बहुतेक वेळा असतोच. त्याला पाहून वाटतं, आता हा फार दिवस थांबणार नाही. पण पत्ते पिसणाऱ्या हाताला काल काय आलं होतं ते ठाऊक नसतं, आणि पानांना तर नसतंच. २२ दिवस न आलेल्या आकड्याची आज येण्याची शक्यता दहात एक, काल आलेल्याची आज येण्याची शक्यताही दहात एक.

मग माणूस युक्ती करतो. आकडा धरून ठेवायचा आणि येईपर्यंत रक्कम वाढवत जायची. पहिले नऊ दिवस दहा-दहा रुपये चालतात; नवव्या दिवशी आला तरी बरोबरी होते. दहाव्या दिवसापासून वाढवावंच लागतं, नाहीतर लागूनही तोटा. काकांना मी हा हिशेब कागदावर मांडून दाखवला. दहा-दहाच्या पटीत अगदी काटकसरीनं वाढवलं तरी विसाव्या दिवशी ५० लावावे लागतात, पंचविसाव्या दिवशी १००, तिसाव्या दिवशी १८०. तोवर एकूण १,५५० रुपये गेलेले असतात. त्या दिवशी लागला तर १,६२० हातात येतात. महिन्याभराच्या जागरणाचे ७० रुपये. आणि तीस दिवसांतही न येण्याची शक्यता चोवीसात एक. काकांनी कागद बराच वेळ धरला. म्हणाले, “आमच्या खात्यातला एक जण असाच बुडाला. आकडा आला एकेचाळिसाव्या दिवशी. तोवर त्याच्याकडं लावायला काही उरलं नव्हतं.”

या चार्टचा एक श्रीमंत भाऊबंद आहे. तो पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटींवर राहतो. रूलेटच्या चाकाशेजारी उजळलेला फलक असतो, त्यावर नुकतेच आलेले आकडे तांबड्या-काळ्या रंगांत झळकत असतात. कॅसिनो हा इतिहास गिऱ्हाइकाला फुकट दाखवतो, आणि मोठ्या मनानं दाखवतो, कारण त्यानं कॅसिनोचं काही बिघडत नाही. एका शून्याच्या चाकावर ३७ खाचा असतात, आकडा लागला तर एकाला पस्तीस मिळतात. सदतीसातला तो एक हिरवा शून्य म्हणजे घरमालकाचं भाडं: शंभराला २.७० रुपये. तिथेही तांबड्या किंवा काळ्या रंगावर लावून तोटा झाला की दुप्पट लावायची पद्धत फार जुनी. शंभरापासून सुरू करून सात वेळा हरलात तर १२,७०० रुपये गेले. जिंकलात तर दर खेपेला कमाई १०० रुपये. सात वेळा लागोपाठ हरणं १०६ खेपांत सरासरी एकदा घडतं. १०५ वेळा शंभर मिळवून १०,५०० होतात, आणि एका खेपेत १२,७०० जातात. १८ ऑगस्ट १९१३ ला माँटे कार्लोच्या एका चाकावर काळा रंग लागोपाठ २६ वेळा आला. आता तांबडा येणारच म्हणून लोक दर फेरीला रक्कम वाढवत तांबड्यावर लावत राहिले आणि बुडाले. फलकाचा जीव केवढा आणि त्यावरचा भरवसा केवढा.

तरी चाक आणि चार्ट यांत एक फरक आहे, तो मला सांगायलाच हवा. चाक डोळ्यांसमोर फिरतं. चार्टवरचा आकडा कुठून आला हे वाचणाऱ्याला दिसत नाही. कार्ल पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञानं १८९४ मध्ये माँटे कार्लोच्या रूलेटचे छापून आलेले निकाल तपासले आणि खऱ्या चाकातून असे निकाल निघणं जवळजवळ अशक्य आहे असं गणितानं दाखवून दिलं. आकडे छापलेले होते, नीट रकान्यात होते, म्हणून ते खरे ठरत नव्हते. मटक्यात तर कुठल्या आकड्यावर किती पैसे लागले हे बाजार चालवणाऱ्याला निकालाआधी कळतं. आज फोनवर दिवसभर अर्ध्या-अर्ध्या तासानं निकाल टाकणारे बाजार आहेत, त्यांची पानं कोण ओढतं हे कुणीही पाहिलेलं नाही. वर मी जे गणित केलं ते पानं सचोटीनं ओढली जातात असं धरून केलं. शंभराला दहा ही सगळ्यांत चांगल्या दिवसाची गोष्ट झाली.

कायद्याला चार्टची ओळख आहे. १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात १२ अ हे कलम आहे. जुगाराला मदत व्हावी म्हणून अशी माहिती छापणाऱ्याला, विकणाऱ्याला, वाटणाऱ्याला पोलीस वॉरंटाशिवाय पकडू शकतात. पण घरात, पिशवीत, वर्षवार लावून ठेवलेल्या वहीचं कायदा काय करणार?

मागच्या महिन्यात मी काकांना एक गोष्ट विचारली. एक या आकड्याच्या सगळ्या पत्त्या, म्हणजे बेरजेचा शेवटचा अंक एक येणारे तीन-तीन पानांचे गट, सांगता का? त्यांनी क्षणभरही विचार न करता म्हटल्या. तीन वेगळ्या पानांच्या बारा: १२८, १३७, १४६, २३६, २४५, २९०, ३८०, ४७०, ४८९, ५६०, ५७९, ६७८. दोन सारख्या पानांच्या नऊ: १००, ११९, १५५, २२७, ३३५, ३४४, ३९९, ५८८, ६६९. तिन्ही सारखी असलेली एक: ७७७. एकूण बावीस, एकही चुकली नाही. मी बाजूला गुणाकार मांडला. वेगळ्या तीन पानांची पत्ती चार रंगांतून ६४ प्रकारे येते. बारांचे झाले ७६८. दोन सारख्या पानांची २४ प्रकारे. नऊंचे झाले २१६. ७७७ चार प्रकारे. बेरीज ९८८. चाळीस पानांतून तीन पानं एकूण ९,८८० प्रकारे निघतात. बरोबर दहावा हिस्सा, एकाचाही फरक नाही. प्रत्येक आकड्याला बारा, नऊ आणि एक, प्रत्येकाला ९८८.

काकांनी गुणाकार परत करून पाहिला. मग चष्मा पुसला.

“म्हणजे कमी-जास्त कुणीच नाही?”

“कुणीच नाही, काका.”

“मग एवढा चार्ट छापतात कशाला?”

“हा कागद एकदाच विकता येतो. चार्ट रोज नवा विकता येतो.”

“एकावरून मला पटायचं नाही,” ते म्हणाले. जुन्या चार्टची एक कोरी मागली बाजू त्यांनी पुढ्यात ओढली आणि दोनाच्या पत्त्या लिहायला घेतल्या: १२९, १३८, १४७, १५६.