वाढपी

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. त्याच्या आदल्या रात्री अण्णा मागावरची पाळी संपवून घरी येत आणि भिजत घातलेले काळे मनुके उकळून फडक्यातून गाळत बसत. रस विकत आणू, असं पाळकसाहेब सांगून थकले. अण्णा नुसते हसत. ते मंडळीचे डीकन होते, आणि माझ्या मते डीकन कसा असावा हे त्या फडक्यातच दिसायचं.

ते नलगोंड्याकडचे. तरुणपणी भिवंडीत आले, पद्मानगरात राहिले, जन्मभर यंत्रमाग चालवले. बाप्टिस्ट विश्वास त्यांनी गावाहूनच आणला होता. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाची हकीकत ते आम्हा पोरांना सांगत. ओंगोलचे मिशनरी जॉन क्लफ यांनी बकिंगहॅम कालव्याच्या एका टप्प्याच्या खोदकामाचा ठेका घेतला आणि उपाशी माणसांना मजुरी दिली. बाप्तिस्मे मात्र थांबवून ठेवले. भाकरीसाठी कुणी ख्रिस्ती होऊ नये म्हणून. पुढे ३ जुलै १८७८ या एका दिवशी २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. आम्ही तो आकडा ऐकून थक्क व्हायचो. अण्णांचं मन मात्र कालव्यापाशीच रेंगाळलेलं असे. "आधी पोट," ते म्हणत, "आणि बदल्यात काही मागायचं नाही."

डीकनपदाचं मूळ प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात आहे, असं मानतात. यरुशलेमात रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा वगळल्या जात होत्या. कुरकुर झाली, तेव्हा वाढण्यासाठी सात माणसं निवडली गेली. हा प्रसंग मला कधी जुना वाटत नाही. आमची मंडळीही तेलुगू, मराठी, हिंदी, थोडी उडिया अशी; कुणाची तरी भाषा नेहमी दाराजवळच्या बाकावर बसलेली. अण्णांना 'आंध्र क्रैस्तव कीर्तनलु'मधली गीतं तोंडपाठ होती, तरी चाळिशी उलटल्यावर ते ओळीवर बोट ठेवून मराठी वाचायला शिकले. का, तर आमच्या आजारी आजीला तिच्याच भाषेत स्तोत्र वाचून दाखवता यावं म्हणून. त्यांचे 'ळ' आणि 'ण' ऐकताना आजीचा चेहरा उजळायचा.

मार्च २०२० मध्ये माग बंद पडले. भिवंडीत ती शांतता भयंकर होती. मंडळीचं अर्पण अण्णांच्या हिशेबात होतं. त्यातून तांदूळ, डाळ, तेल आलं. त्यांच्या यादीत मंडळीची घरं थोडी, कारखान्यांच्या खोल्यांत अडकलेले कारागीरच जास्त. हे पैसे आपल्या लोकांचे आहेत, अशी हरकत एकाने घेतली. अण्णा रागावले नाहीत. "कालव्यावर क्लफसाहेबांनी कुणाला विचारलं होतं, तू कोणाचा म्हणून?" एवढंच म्हणून त्यांनी पुढची पिशवी भरायला घेतली.

अण्णा गेले तेव्हा प्रार्थना तीन भाषांत झाल्या. त्यांचे मोमीन शेठ कब्रस्तानापर्यंत चालत आले आणि त्यांनीही मूठभर माती दिली.

आता नवा डीकन निवडायचा आहे. आमच्यात हे मंडळीच ठरवते, सगळ्यांनी हात वर करून. गंजमहून आलेल्या एका कांडीवाल्या मुलाचं नाव मी सुचवणार आहे. मराठी त्याला अजून नीट येत नाही, पण उपासनेनंतर चहा वाटताना तो सुरुवात शेवटच्या बाकापासून करतो.