खोळंबा

गोल्फ खेळणाऱ्या माणसाला आपला स्वतःचा खेळ मंद आहे असें कधींहि वाटत नाहीं. मंद असतो तो नेहमीं पुढचा गट. मैदानावर आपण कोठेंहि असलों, तरी आपल्या पुढें चौघेजण कसलें तरी खलबत करीत उभे असतात. आणि आपल्या पाठीमागें जे चौघे कमरेवर हात ठेवून उभे असतात, ते मात्र उतावळे, असभ्य व खेळाच्या रीतिरिवाजांविषयीं अज्ञ असे असतात. वीस वर्षें मी ह्या खेळाच्या नादीं लागलेला आहें. पण ‘आज आमच्यामुळें खोळंबा झाला’ असे उद्गार क्लबाच्या व्हरांड्यांत चहा पितांना मीं कोणाच्याहि तोंडून ऐकलेले नाहींत. साडेपांच तासांनीं घामाघूम होऊन परतलेला प्रत्येक माणूस दुसऱ्या कोणाचें तरी नांव घेतो, आणि तो दुसरा शेजारच्या टेबलावर बसून तिसऱ्याचें नांव घेत असतो.

ज्या वाचकांनीं हा खेळ पाहिलेला नाहीं, त्यांनीं गोल्फचें मैदान म्हणजे एक लांबच लांब पंगत आहे असें समजावें. चार-चार माणसांचे गट एकामागून एक सुटतात, अठरा होल ओळीनें खेळतात, आणि पुढचा गट टप्प्याबाहेर गेल्याशिवाय मागच्याला टोला मारतां येत नाहीं. मारला तर कोणाचें तरी डोकें फुटावयाचें. पंगतींत एखादे आजोबा शेवटच्या भातावर ताक घेऊन सावकाश भुरके मारूं लागले कीं सारी पंगत हात वाळवीत बसते, आणि दाराशीं दुसरी पंगत ताटकळत उभी असते. तेथें निदान यजमान येऊन ‘सावकाश होऊं द्या’ असें तोंडदेखलें तरी म्हणतो. मैदानावर तेवढाहि दिलासा मिळत नाहीं.

हा वेळ जातो तरी कोठें, ह्याचा मीं एकदां कागदावर हिशेब मांडला. अठरा होलांचें अंतर साधारण ६ किलोमीटर. एका हिरवळीवरून पुढच्या टीकडे जाण्याचीं पावलें आणि वांकडेतिकडे गेलेले चेंडू धरून ७ म्हणा. सायंकाळीं फिरावयास निघालेला पेन्शनरहि तेवढें दीड तासांत चालतो. म्हणजे पायांचा दोष नाहीं. आतां टोले मोजूं. हौशी खेळाडूची फेरी ९० टोल्यांत झाली, तर घरीं गेल्यावर बायकोला सांगण्याजोगी ती गोष्ट असते. चौघांचे मिळून ३६० टोले झाले. २०१९ सालीं खेळाचे नियम नव्यानें लिहिले गेले तेव्हां, एका टोल्यास ४० सेकंदांहून अधिक वेळ घेऊं नये, अशी शिफारस त्यांत घालण्यांत आली. चाळीस सेकंद म्हणजे कांहींच नव्हे असें वाटतें. पण ३६० टोल्यांना प्रत्येकीं ४० सेकंद दिले कीं १४,४०० सेकंद होतात, म्हणजे बरोबर चार तास! एकजण टोला मारीत असतांना दुसरा चालत असतो, म्हणून ही बेरीज प्रत्यक्षांत कांहींशी आटते हें खरें. तरीहि उलट बाजूनें पाहिलें, तर टोल्यामागें नुसते १० सेकंद वांचविले कीं ३,६०० सेकंद, म्हणजे नेमका एक तास उरतो.

दहा सेकंद! हातमोजा चढविण्यालाहि याहून अधिक वेळ लागतो. आणि तो आपली पाळी आल्यावरच चढवावयाचा, अशी बहुतेकांची समजूत दिसते. खरी मेख येथें आहे. दुसरा खेळत असतांना वाऱ्याची दिशा पाहणें, अंतर मोजणें, काठी निवडणें हें सारें उरकून ठेवतां येतें. पण आम्ही तिघे चौथ्याकडे नाटक पाहावें तसे पाहत उभे राहतों. त्याचा चेंडू थांबला कीं मग दुसरा आपल्या पिशवीकडे वळतो, ‘सात नंबर घेऊं कीं आठ?’ असा कॅडीशीं खल करतो, चिमूटभर गवत उपटून वाऱ्यावर सोडतो, तीनदां हवेंत काठी फिरवितो, मागें जाऊन एक डोळा मिटून नेम पाहतो. आणि एवढ्या अनुष्ठानानंतर चेंडू वीस यार्डांवर जाऊन पडतो. नमनाला घडाभर तेल म्हणतात तें हेंच.

हे विधि आम्ही शिकलों ते टेलिव्हिजनवरून. मोठे व्यावसायिक खेळाडू चार फुटांच्या पटासाठीं हिरवळीवर उकिडवे बसून चारी बाजूंनीं जमीन न्याहाळतात, तें त्यांना शोभतें. त्या पटावर त्यांची वर्षाची मिळकत अवलंबून असते. आमच्या पटावर फार तर एक लिंबू-सोडा अवलंबून असतो. शिवाय त्या थोरांनाहि दंड चुकलेला नाहीं. जॅक निकलस तरुणपणीं फार रेंगाळे. १९६२ सालीं पोर्टलंडच्या स्पर्धेंत त्याला मंदपणाबद्दल दोन टोल्यांचा दंड झाला. (ती स्पर्धा शेवटीं त्यानेंच जिंकली, हें मात्र रेंगाळणाऱ्यांना सांगूं नये.) २०१३ सालीं ऑगस्टाच्या मास्टर्स स्पर्धेंत ग्वान त्येनलांग ह्या चौदा वर्षांच्या चिनी मुलाला, म्हणजे आमच्यासारख्याच एका हौशी खेळाडूला, ह्याच कारणास्तव एका टोल्याचा दंड भरावा लागला. आमच्या क्लबांतून असा दंड झाल्याचें ऐकिवांत नाहीं. नियम आहे, पण ज्याला दंड करावयाचा, त्याच्याच शेजारीं बसून संध्याकाळीं भजीं खावयाचीं असतात.

यांत शिष्टाचाराचीहि भर पडते. होलापासून ज्याचा चेंडू सर्वांत दूर, त्यानें आधीं मारावा, हा जुना संकेत. त्यामुळें दोन चेंडू सारख्याच अंतरावर असले म्हणजे, ‘आपलाच दूर आहे’, ‘छे छे, आपणच मारावा’ असा लखनवी संवाद सुरू होतो. लखनौच्या नबाबांची निदान एकच गाडी चुकली. आमच्यामागें गाड्यांची रांग लागलेली असते. टोल्यांच्या खेळांत जो तयार असेल त्यानें, कोणाला धोका नसेल तर, मारून मोकळें व्हावें, अशी मुभाच नव्हे तर उत्तेजनहि नव्या नियमांनीं दिलें आहे. परंतु आमच्या मध्यमवर्गीय संकोचापुढें नियमांचें कांहीं चालत नाहीं.

हरवलेल्या चेंडूचें प्रकरण याहून करुण आहे. पावसाळ्यांत पुण्याकडील मैदानांच्या कडेचें गवत पोटरीपर्यंत वाढतें, आणि जेमतेम ४३ मिलिमीटर व्यासाचा पांढरा चेंडू त्यांत गडप होतो. पूर्वीं शोधण्यास पांच मिनिटें मिळत; २०१९ पासून तीनच मिळतात. तेवढ्या वेळांत तो सांपडला नाहीं तर मूळ जागीं परत जाऊन, एका टोल्याचा दंड घेऊन पुन्हां मारावयाचा. हा हेलपाटा टळावा म्हणून, चेंडू हरवल्याची शंका येतांच तेथल्या तेथें दुसरा तात्पुरता चेंडू मारून ठेवण्याची सोय नियमांत आहे. पण तसें करणें म्हणजे पहिल्याचें श्राद्ध तो जिवंत असतांनाच घालण्यासारखें वाटतें! ‘सांपडेल, सांपडेल’ म्हणत आपण दोनशें यार्ड चालत जातों, आणि मग चार खेळाडू व चार कॅडी, मंगळसूत्राचा मणी सांडावा तसे, गवतांत वांकून शोधूं लागतात. ज्या मैदानांवर आगेवाला, म्हणजे पुढें उभें राहून चेंडू कोठें पडतो तें हेरणारा माणूस, अजून ठेवतात, तेथें हें संकट बरेंच हलकें होतें. काटकसरीच्या नांवाखालीं ज्यांनीं त्याला काढून टाकलें, त्यांनीं रुपये वांचविले आणि तास घालविले.

परंतु माझ्या मतें खेळाडूच्या हातून होणाऱ्या साऱ्या विलंबाच्या मुळाशीं खिशांतलें तें गुणांचें कार्ड आहे. स्कॉटलंडमध्यें १७४४ सालीं लीथच्या मंडळींनीं खेळाचे तेरा नियम लिहिले. त्यांत वेळेविषयीं अवाक्षर नाहीं. त्यांना तशी गरजच भासली नसावी. खेळ असे तो मुख्यतः माणसाचा माणसाशीं. प्रतिस्पर्धी वाळूच्या खड्ड्यांत सातव्या टोल्यानेंहि धडपडतच असला, तर तो मुकाट्यानें चेंडू उचली, तें होल देऊन टाकी, आणि दोघे पुढच्याकडे चालूं लागत. पुढें प्रत्येक टोला कार्डावर मांडण्याची चाल रूढ झाली, आणि शेवटच्या दीड फुटालाहि मोल आलें. दहा टोले होऊन गेलेला माणूस अकराव्यासाठीं जमीन न्याहाळीत बसतो, तो त्या कार्डामुळें. ह्या दुखण्यावर औषध काढलें तेंहि एका डॉक्टरनेंच. डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांनीं १९३२ सालीं लिव्हरपूलजवळच्या वॉलसी क्लबांत गुणांची नवी पद्धत सुरू केली: आपल्या वकुबानुसार ठरलेल्या टोल्यांत होल पुरें झालें तर दोन गुण, एक टोला जास्त लागला तर एक, त्याहून जास्त लागले कीं शून्य, आणि शून्य ठरलें कीं चेंडू उचलून खिशांत घालावयाचा. किती सोपें! तरी शून्य पदरांत पडल्यावरहि ‘नुसता पाहतों पडतो का’ म्हणून पट मारणारे महाभाग मीं पाहिले आहेत.

स्त्रियांमुळें खेळ रेंगाळतो, असा एक प्रवाद पुरुषांच्या टेबलांवर चालतो. मला तो निराधार वाटतो. त्यांचा चेंडू दूर जात नसेल, पण तो बहुधा सरळ जातो. आणि सरळ गेलेला चेंडू शोधावा लागत नाहीं. विजेच्या गाड्यांचीहि तीच गत: दोघांनीं एका गाडींत बसून आधीं एकाच्या चेंडूकडे व मग दुसऱ्याच्या चेंडूकडे जावयाचें, यांत पायीं चालण्याहून काय साधतें तें मला उमजलेलें नाहीं.

आतां सर्वांत मोठ्या अपराध्याकडे वळूं. हा अपराधी मैदानावर दिसत नाहीं. तो कमिटीच्या खोलींत बसून रविवारचें वेळापत्रक आंखतो. दर आठ मिनिटांनीं एक गट सोडावयाचा, असें तो ठरवितो. पण मैदानावर तीन टोल्यांचीं आंखूड होल असतात. लांब होलावर एकाच वेळीं दोन-तीन गट पुढेंमागें मावतात. आंखूड होलावर मात्र एका गटानें हिरवळ सोडल्याशिवाय दुसऱ्याला टीवर पाय ठेवून उपयोग नाहीं. तें होल पुरें करण्यास अकरा मिनिटें लागतात असें धरा. मग दुसरा गट तेथें तीन मिनिटें थांबतो, तिसरा सहा, आणि अकरावा गट अर्धा तास! ह्यांत कोणीहि मंद खेळलेला नाहीं. सारे धांवत खेळले तर त्या बाकावर आणखी लवकर येऊन बसतील, इतकेंच. बारा मिनिटांच्या अंतरानें गट सोडले तर थांबणें जवळजवळ उरणार नाहीं. पण मग दोन तासांत पंधराऐवजीं दहाच गट सुटतील, आणि उरलेल्या पांच गटांचे वीस सभासद कमिटीवर तुटून पडतील. वास्तविक त्या आंखूड होलांतून दोन तासांत अकराच्या आंतच गट पलीकडे जातात, मग पहिल्या टीवरून कितीहि सोडा. बाकीचे खेळत नसतात, बाकावर बसलेले असतात. वर्गणी मात्र दोन्हींची सारखीच. ही गोष्ट मीं आमच्या एका पदाधिकाऱ्यांस कागद-पेन्सिल घेऊन समजावून दिली. त्यांनीं ती लक्षपूर्वक ऐकली आणि ‘जलद खेळा’ अशी एक पाटी पहिल्या टीजवळ लावली.

कोणी म्हणेल, सुखवस्तु मंडळी झाडाखालीं अर्धा तास जास्त बसली तर बिघडलें काय? बिघडतें तें पिशवी वाहणाऱ्याचें. कॅडीला मजुरी मिळते ती फेरीवर, तासावर नव्हे. सकाळीं साडेसहाला निघालेली फेरी साडेदहाच्या आंत संपली, तर त्याला दुसरी मिळण्याचा संभव असतो. बारा वाजले कीं त्याचा दिवस एका फेरीवरच मिटला. माझ्याबरोबर अनेक वर्षें येणारा कॅडी एरवीं फारसें बोलत नाहीं, पण मागच्या उन्हाळ्यांत सोळाव्या होलावर पुढचा गट चेंडू शोधीत असतां तो सूर्याकडे पाहून म्हणाला, “साहेब, आज एकाच फेरीवर घरी जायचं.” त्याच्या थोरल्या मुलीची बारावीची फी त्या महिन्यांत भरावयाची होती, हें मला त्यानें नव्हे, दुसऱ्या कॅडीनें सांगितलें.

आणि आमच्या चौकडींतील वकीलसाहेब. वय ७८. त्यांच्या डॉक्टरांनीं त्यांना चालावयास सांगितलें आहे, आणि ते आम्हां सर्वांहून ताठ चालतात. “मला वाटेल तेवढें चालायला सांगा,” ते म्हणत, “पण उन्हांत उभें राहायला सांगूं नका.” गेल्या एप्रिलमध्यें चौदाव्या होलावर, तिसऱ्यांदां थांबावें लागलें तेव्हां, त्यांनीं काठी पिशवींत ठेवली, आम्हां तिघांशीं हस्तांदोलन केलें, आणि झाडांच्या कडेकडेनें ते क्लबाकडे निघून गेले. पुढच्या रविवारीं ते आले नाहींत, आणि त्यानंतरच्याहि नाहींत. साठ वर्षांचा खेळ त्यांनीं सोडला तो गुडघ्यांमुळें नव्हे, डोळ्यांमुळेंहि नव्हे.

लीथच्या ज्या मंडळींचा वर उल्लेख आला, त्यांचा क्लब आज म्यूरफील्ड येथें आहे, आणि तेथें फोरसमची जुनी चाल अजून मोठ्या निष्ठेनें पाळतात. माणसें चार, पण चेंडू दोनच. एकानें मारलेला टोला त्याच्या जोडीदारानें पुढें न्यावयाचा. ३६० टोल्यांचे १८० होतात. आणि एकजण टीवर असतांना त्याचा जोडीदार आधींच पुढें जाऊन उभा असल्यामुळें चेंडू हरविण्याचें भय निम्म्यावर येतें. जूनपासून आम्हीहि दर गुरुवारीं, मैदान मोकळें असतें तेव्हां, हाच प्रकार खेळूं लागलों आहों. आपलें स्वतःचें कार्ड भरतां येत नाहीं म्हणून कोणी कोणी नाकें मुरडतात. गेल्या गुरुवारीं साडेसहाला निघून आम्ही नऊ वाजून दहा मिनिटांनीं परत आलों. माझा कॅडी पाणी पिऊन लागलीच दुसऱ्या फेरीसाठीं रांगेंत जाऊन बसला. वकीलसाहेब पुन्हां येऊं लागले आहेत, आणि माझे जोडीदार म्हणून माझ्या प्रत्येक चुकार टोल्याची उलटतपासणी घेतात. रविवारीं मात्र ते अजून येत नाहींत.