खाली

मराठीत ‘खाली’ म्हणजे तळाकडे. उर्दूत ‘ख़ाली’ म्हणजे रिकामं. हा फरक मी वर्गात दरवर्षी शिकवतो. यंदा अब्बांच्या गाडीपायी तो घरात समजावून सांगायची वेळ आली.

गाडी म्हणजे १९७६ ची प्रीमियर पद्मिनी. अब्बा गेले, गाडी राहिली. तिची बॅटरी, कार्ब्युरेटर, गंज, सगळं माझा भाचा बघतो. डिप्लोमा झालाय, उद्यमनगरात नोकरीला आहे, सुट्टीचा दिवस गाडीखाली पडून काढतो. जुन्या गाड्यांचं वेड त्याला दसऱ्यानं लावलं. शाहू महाराजांच्या मदतीनं १९०६ साली उभं राहिलेलं आमचं मुस्लिम बोर्डिंग दसरा चौकातच आहे. त्या चौकात अब्बांच्या खांद्यावर बसून त्यानं छत्रपती घराण्याची मेबॅक पाहिली होती.

“मामू, गाडी पुढनं दोन इंच खाली करायची,” तो म्हणाला.

अम्मीनं आतून ऐकलं. “खाली कायकू करतां? अबी कौन बैठ्या है उसमें?”

आम्ही हसलो. मग मी तिला अर्थ सांगितला, तेव्हा मात्र ती गप्प झाली.

भाच्याचं म्हणणं उगाच नव्हतं. पद्मिनीच्या पुढच्या चाकांना कॉइल स्प्रिंग आहेत, मागे पाटे. वळणावर गाडी चांगलीच झुकते. उंची कमी केली की गुरुत्वमध्य खाली येतो, झुकणं कमी होतं. काही जण त्यासाठी स्प्रिंगचा एखादा वेढा कापतात. पण वेढा कमी झाला की स्प्रिंग ताठ होते, चाकाला वर जायला जागा उरत नाही, खड्ड्यात गाडी ठोकरीवर आदळते. त्याला हे माहीत होतं. म्हणून त्याला कापाकापी नको, उंची कमी-जास्त करता येणारे बाजारातले कॉइलओव्हर हवे होते. पगारातनं पैसेही साठवले होते.

मिस्त्री म्हणाले, बसतील. पण पुढच्या बाजूला कापून नवे ब्रॅकेट वेल्ड करावे लागतील. तिथं मी अडलो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीपुस्तकातल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करू देत नाही. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळू शकतो, पण तिच्या चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. आमची गाडी पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहे.

रस्त्याचाही विचार होता. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानं गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा. आमच्या गल्लीतला वीतभर रुंद आहे, आणि उंची बांधणाऱ्याच्या मर्जीची.

पण कायदा आणि रस्ता सांगूनही भाच्याचा चेहरा उतरलेलाच होता. ज्याचे हात ग्रीसनं काळे होतात, त्याला नुसतं ‘नाही’ म्हणायचा हक्क मला कुठला? तो नसता तर गाडी केव्हाच भंगारात गेली असती.

शेवटी अम्मीच बोलली. तिचे गुडघे गेलेत. रिक्षात चढवत नाही, नव्या छोट्या गाडीतून उठवत नाही. पद्मिनीची पुढची सीट तेवढी तिच्या मापाची आहे. “दो इंच तेरे कू कम है बेटा,” ती म्हणाली, “मेरे कू भोत है.”

भाचा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींकडे टेप लावला, तर चालकाच्या बाजूची चाकाची कमान डावीपेक्षा पाऊण इंच खाली निघाली. मिस्त्री म्हणाले, “स्प्रिंग बसलीय, सर. वर्षानुवर्षं एकटा माणूस एकाच बाजूला बसला की अशी बसते.”

दोन्हीकडं मूळ उंचीच्या नव्या स्प्रिंग टाकल्या, रबरी बुश बदलले. साठवलेल्या पैशातनं भाच्यानं पुढं चांगले गॅसचे शॉकॲब्सॉर्बर बसवले, कुठंही न कापता. जुन्या उजव्या स्प्रिंगचं काय करायचं, असं मिस्त्रींनी विचारलं. त्यानं ती पुसून डिकीत ठेवली.

गेल्या रविवारी आम्ही अम्मीला पन्हाळ्याला नेलं. वळणावर गाडी अजूनही थोडी झुकते, असं भाचा म्हणतो. त्याचं खरं आहे. अम्मी दाराची मूठ धरून बसते आणि झुकली की “आहिस्ता” म्हणते. तो वेग कमी करतो.